लकवा : फिल्ममधल्या डागाच्या मागे लागू नका

"डाग त अजून तसाच हाये न जी!" सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढून आणणारे नातेवाईक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून हमखास असं म्हणतात. पेशंट स्वतःच्या पायानं चालत आत आलेला असतो, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा जो भाग मेला, तो पुन्हा जिवंत होत नाही. तिथला व्रण फिल्मवर कायम दिसतो. माणूस सुधारतो तो मेंदूच्या इतर भागांनी काम उचलल्यामुळे, आणि ते साध्या एमआरआयवर उमटत नाही. त्यापेक्षा पेला धरता येतो का, बटण लागतं का, किती पावलं चालतो, हे वहीत लिहा. नवी लक्षणं दिसली, फिट आली किंवा डॉक्टरांनी सांगितलं तरच पुन्हा स्कॅन. कापसाचे पैसे फिजिओथेरपीला लावा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वात वेगानं होते. त्यानंतरही ती थांबत नाही.

सुरुवातीला चूक नेमकी उलटी होते. झटका आल्या आल्या काढलेला सीटी स्कॅन 'नॉर्मल' आला म्हणून पेशंटला घरी नेतात. पहिल्या काही तासांत सीटी नॉर्मल दिसू शकतो. तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायला असतो. तोंड वाकडं, हात लुळा, तर लकवाच धरून चला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि वेळ मोजतात ती शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून. रात्री नऊला झोपला, पहाटे पाचला हात उचलेना, तर घड्याळ नऊपासून. तरी निघाच : निवडक पेशंटमध्ये स्कॅन पाहून २४ तासांपर्यंत गुठळी तारेनं काढता येते. मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीला येताना घाटातच किती वेळ जातो! त्यात आधी मालिशवाल्याकडे कशाला? १०८ लावा आणि सीटी कुठे चालू आहे ते विचारूनच निघा.

इंजेक्शननंतर २४ तासांनी पुन्हा सीटी काढतात. "बरा हाये, मंग खर्च कायले?" म्हणू नका. रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते.

गिळण्याची तपासणी होईपर्यंत चहा-पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. लुळ्या हाताला धरून उठवू नका, खांदा सरकतो.

पहिली फिल्म मात्र जपा. पुन्हा झटका आला तर जुना डाग कोणता, नवा कोणता, ते तिच्यावरून पटकन कळतं. फक्त धान्याच्या कोठीवर ठेवू नका, उंदीर कुरतडतात.