स्वप्नांचं वेबिल

एस.टी.त कंडक्टर म्हणून ३१ वर्षं काढली. त्यात एक सवय अंगात मुरली: टप्पा आला की वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, तिथल्या तिथं भरायचं. ‘पुढच्या थांब्यावर लिहू’ म्हटलं की रात्री डेपोत हिशेब देताना मेळ बसत नाही. स्वप्नांचंही तसंच आहे. चहा झाल्यावर लिहू म्हणाल, तर हातात ‘काहीतरी पाण्याचं होतं बुवा’ एवढंच उरेल.

निवृत्त झालो तरी रात्री गाडी सुटत नव्हती. ट्रेमधली तिकिटं संपलेली, माणसं दारात लोंबकळतायत आणि कुंभार्ली घाटात वळणावर चेकरची जीप उभी. दचकून उठायचो आणि बायकोला उठवून सांगायचो. शेवटी थोरली मुलगी म्हणाली, “बाबा, आईची झोप मोडण्यापेक्षा लिहून ठेवा ना.” १०० पानी वही आणली. आता सहावी चालू आहे.

सामान फार लागत नाही. वही आणि शिसपेन्सिल. बॉलपेन नको, पडल्या पडल्या वर धरून लिहिलं की चार शब्दांत त्याची शाई थांबते. पेन्सिल वहीला दोऱ्यानं बांधा, नाहीतर ती नेमकी पहाटे पलंगाखाली जाते. उजेडाला छोटी बॅटरी ठेवा. मोबाइल अजिबात नको. तो हातात आला की आधी कुणाचा तरी ‘शुभ प्रभात’चा गुलाब दिसतो, आणि गुलाब दिसला की स्वप्न गेलं. झोपताना दुसऱ्या दिवशीची तारीख पानावर घालून ठेवा. कोरं पान आपली वाट बघतंय एवढं मनाला कळलं तरी सकाळी फरक पडतो.

आता खरी मेख. जाग आली की हलायचं नाही. ज्या कुशीवर आहात त्याच कुशीवर, डोळे मिटून. शेवटचं जे दिसलं ते धरायचं आणि तिथून उलटं जायचं, परतीच्या फेरीसारखं. जाताना पाटण आधी लागतं; येताना हेळवाक आधी, पाटण नंतर. काहीच हाती लागलं नाही तर सावकाश दुसऱ्या कुशीवर वळून बघा; माझी निम्मी स्वप्नं तिथं सापडली आहेत. तरीही नाही आठवलं, तर ‘आठवत नाही, पण छाती जड’ असं लिहा. रिकामी फेरीसुद्धा वेबिलात दाखवावी लागते. पहिले पंधरा दिवस माझ्या वहीत हेच होतं.

नोकरीत असताना मला वाटायचं, आपल्याला स्वप्नं पडतच नाहीत. मुक्कामी गाडी असली की गावात गाडीतच आडवं व्हायचं, आणि पाचच्या आधी ड्रायव्हर हलवून उठवायचा. पुढं मुलीनं समजावलं ते असं. झोपेत साधारण दर ९० मिनिटांनी एक टप्पा येतो, ज्यात मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात. शिकागो विद्यापीठातल्या ॲझरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये हे जगापुढं मांडलं. ठसठशीत स्वप्नं बहुतेक या टप्प्यातली. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा थोडका असतो, पहाटेकडं लांबत जातो. म्हणजे पाचला उठवलेल्या माणसाचा मोठा हिस्सा बुडाला! पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. मला एवढंच खात्रीनं सांगता येईल की आठवतं ते पहाटेचं. म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस तरी गजर न लावता झोपा.

लिहायचं काय, तर रकाने पाडून घ्या: कुठं, कोण, काय झालं, उठल्यावर कसं वाटलं आणि आदल्या दिवशी काय घडलं. नमुना हवा असेल तर तुकोबांचा घ्या. त्यांना गुरूंचा उपदेश स्वप्नात झाला, तो अभंग नीट बघा. गंगास्नानाला जाताना वाटेत भेट झाली, डोक्यावर हात ठेवला, नाव सांगितलं बाबाजी. गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि त्याचा स्वप्नात विसर पडला, हेही त्यात आहे. वर तिथी आणि वार: माघ शुद्ध दशमी, गुरुवार. एवढा मोठा प्रसंग, पण पावशेर तूप गाळलेलं नाही. बारीकसारीक टाकून द्यायचं नाही ते यासाठी.

माझी एक नोंद देतो:

‘१४ जून, पहाटे ४.४०. पाटण स्टँड, पण फलाटावर आमच्या शाळेचे बाक. वडील रांगेत, हातात पितळी डबा. मी सुटे मागतो, ते डबा पुढं करतात. डब्यात पाणी. वाटलं: लाज. काल: वीजबिलाच्या रांगेत पाऊण तास.’

बस्स. अर्थ लावायचा नाही. डाव्या पानावर स्वप्न, उजवं पान कोरं सोडा. स्टँडवर आमच्यात एकजण होता, तो रोज सकाळी विचारायचा, “काय दिसलं?” साप दिसला की एक आकडा, प्रेत दिसलं की दुसरा, आणि मग मटका लावायला पळायचा. दात पडला की घरात कुणी जातं, हेही त्याच जातीचं. माझ्या वहीत ११ वेळा दात पडलेत. त्यातले बरेचसे दाढ ठणकत होती त्या महिन्यातले.

उजवं पान तीन महिन्यांनी उघडायचं, एका बैठकीत. वाचायचं आणि मोजायचं, एवढंच. मी पहिल्या वर्षाच्या २१४ नोंदी काढून बसलो. गाडी ६१ वेळा. मला वाटत होतं, भीती सगळी चेकरची असणार. चेकर निघाला फक्त ९ वेळा. मग सहज दुसरंच दिसलं. ६१ पैकी एकाही स्वप्नात मी बसलेलो नव्हतो. गाडी रिकामी असली तरी मी दांडीला धरून उभा. मग घरातलं आठवायला लागलं. पाहुणे जेवताना मी उभा, मुलीच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी कडेला उभा. कुणी उभं राहा म्हणालेलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना पाट ओढला, तर दोन मिनिटांत पाणी आणायला उठलो होतो. तेही उजव्या पानावर लिहिलं.

दोन गोष्टी मात्र वहीवर सोडू नका. स्वप्नात शरीर एरवी ढिलं पडलेलं असतं. झोपेत हातपाय झाडत असाल, शेजारच्याला गुद्दे बसत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. अपघातानंतर तेच तेच स्वप्न झोप मोडत असेल तरीही. आणि गोळी बदलली की तारखेसमोर लिहा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी स्वप्नं फार भडक पडतात. मनानं गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं.

वही कुठं ठेवायची हे शेवटी सांगतो, कारण मी चुकलो. उघडी ठेवली आणि आमच्या हिनं वाचली. दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, “वर्षभरात मी तीनदा. दोनदा मला स्टँडवर ठेवून डबल बेल दिलीत. आणि तिसऱ्यांदा माझं तिकीट फाडलंत, तेही फुल. बायकांना आता हाफ आहे, एवढंही लक्षात नाही?”

तेव्हापासून तिनंही एक वही केली आहे. उशीखाली असते. मी विचारत नाही.