आरसीसी बीमचे डिझाइन करताना या चुका टाळा

आयताकृती आरसीसी (सळईयुक्त काँक्रीट) बीमच्या डिझाइनसाठी आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकातील मर्यादा अवस्था पद्धतीची (लिमिट स्टेट मेथड) सूत्रे मोजकीच आहेत आणि बहुतेकांना ती पाठही असतात. तरीही डिझाइन चुकते, कारण प्रत्येक सूत्र एखाद्या अटीवर उभे असते आणि नेमकी तीच अट तपासायची राहून जाते. हे स्पष्ट होण्यासाठी एकच उदाहरण शक्य तेवढे पुढे नेऊ. बीमचा स्पॅन ५ मीटर असून दोन्ही टोकांना साधा आधार आहे, रुंदी २३० मिमी आणि एकूण खोली ४५० मिमी आहे, काँक्रीट एम २० (ताकद २० न्यूटन प्रति चौरस मिमी) आणि सळई एफई ४१५ (ताकद ४१५ न्यूटन प्रति चौरस मिमी) आहे, तर स्लॅब व भिंतीकडून येणारा भार प्रतिमीटर २० किलोन्यूटन आहे.

पहिली चूक भाराच्या बेरजेत होते. २० ला १.५ या सुरक्षा गुणकाने गुणून ‘भार × स्पॅनचा वर्ग ÷ ८’ हे सूत्र लावले, की मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) ९३.७५ किलोन्यूटन-मीटर येतो. मात्र यात बीमचे स्वतःचे वजन धरलेले नाही. आरसीसीची घनता प्रतिघनमीटर २५ किलोन्यूटन धरल्यास ते प्रतिमीटर सुमारे २.५९ किलोन्यूटन भरते आणि मोमेंट १०५.९ पर्यंत जातो.

दुसरी चूक खोलीची आहे. सूत्रातील खोली म्हणजे दाबाकडील कडेपासून ताणाच्या सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर, बीमची एकूण उंची नव्हे. कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) २५ मिमी, रिंग (मुख्य सळयांभोवतीची आडवी सळई) ८ मिमी आणि २० मिमी सळईचा अर्धा व्यास १० मिमी वजा केल्यावर प्रभावी खोली ४०७ मिमी उरते. एफई ४१५ साठी बीम पेलू शकेल असा कमाल मोमेंट म्हणजे ०.१३८ × काँक्रीटची ताकद × रुंदी × प्रभावी खोलीचा वर्ग. या हिशेबाने तो १०५.२ किलोन्यूटन-मीटर येतो, पण चुकून ४५० मिमी धरल्यास १२८.५ दिसतो. खोलीचा वर्ग होत असल्याने ४३ मिमीच्या फरकामुळे क्षमता २२ टक्क्यांनी फुगते. वरच्या दोन्ही चुका टाळल्या, तर १०५.९ हा आकडा १०५.२ पेक्षा जास्त आहे, म्हणजेच हा बीम थोडक्यात अपुरा पडतो, हे लगेच कळते.

यानंतर होणारी तिसरी चूक मला सर्वांत गंभीर वाटते, ती म्हणजे खोली तशीच ठेवून सळई वाढवणे. समजा, या बीममध्ये २० मिमीच्या चार सळया, म्हणजे १,२५७ चौरस मिमी स्टील टाकले आणि नेहमीच्या सूत्रात ते क्षेत्रफळ भरले, तर उत्तर सुमारे १३३ किलोन्यूटन-मीटर येते आणि बीम सुरक्षित असल्याचा भास होतो. परंतु ते सूत्र सळई आपल्या यील्ड पॉइंटला, म्हणजे ती कायमची ताणली जाऊ लागते त्या ताणाला, पोचली आहे असे गृहीत धरते. स्टीलमधील ताण आणि काँक्रीटमधील दाब समान धरून तटस्थ अक्षाची (जेथे ना ताण ना दाब असतो त्या रेषेची) खोली काढली, तर ती २७४ मिमी येते, मात्र एफई ४१५ साठी तिची मर्यादा प्रभावी खोलीच्या ०.४८ पट, म्हणजे येथे सुमारे १९५ मिमी आहे. सळई यील्ड होण्यापूर्वीच वरचे काँक्रीट चिरडेल, आणि असा बीम मोठे तडे किंवा वाक यांची पूर्वसूचना न देता अचानक मोडतो. म्हणून मोमेंट काढण्याआधी तटस्थ अक्ष तपासण्याची सवय लावावी. या छेदात ताणाच्या बाजूला फक्त सुमारे ८९६ चौरस मिमी स्टीलच उपयोगी पडते.

उपाय तीन आहेत: खोली वाढवणे, काँक्रीटची श्रेणी वाढवणे किंवा दाबाच्या बाजूलाही सळई देणे. उंचीची अडचण नसेल तर खोली वाढवावी, हे माझे स्पष्ट मत आहे. एकूण खोली ५०० मिमी केली, तर प्रभावी खोली ४५७ मिमी होते, वाढलेल्या वजनासह मोमेंट १०७.२ होतो आणि क्षमता १३२.६ पर्यंत जाते. लागणारे स्टील सुमारे ७६५ चौरस मिमी असल्याने १६ मिमीच्या चार सळया (८०४ चौरस मिमी) पुरतात.

स्लॅबसोबत ओतलेला बीम टी-आकाराचा धरताना आधाराजवळची स्थिती विसरली जाते. सलग (दोनपेक्षा जास्त आधारांवरून जाणाऱ्या) बीममध्ये मधल्या आधारावर वरची बाजू ताणात असते, त्यामुळे तेथे स्लॅबच्या रुंदीची मदत धरता येत नाही आणि छेद आयताकृतीच मानावा लागतो.

शिअरच्या (बीमला आडवे कापू पाहणाऱ्या बलाच्या) बाबतीत आधाराच्या कडेपासून प्रभावी खोलीइतक्या अंतरावरचे बल घेण्याची मुभा आहे, पण आधार खालून बीमवर दाब देत असेल तरच. बीम दुसऱ्या बीमला टांगल्यासारखा जोडलेला असेल, तर कडेवरचेच बल घ्यावे. रिंगांचे अंतर प्रभावी खोलीच्या ०.७५ पट आणि ३०० मिमी यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. एफई ५०० च्या रिंगा वापरल्या तरी हिशेबात ४१५ पेक्षा जास्त ताकद धरू नये.

सळईचे टोक आधारात पुरेसे रुतले नाही, तर काढलेले क्षेत्रफळ कागदावरच राहते. एम २० मध्ये एफई ४१५ च्या सळईला ताणात व्यासाच्या ४७ पट, म्हणजे १६ मिमी सळईला सुमारे ७५२ मिमी लांबी लागते.

कॅन्टिलिव्हरमध्ये (एकाच टोकाला आधार असलेल्या बीममध्ये) मुख्य सळई वरच्या बाजूला असते आणि काँक्रीट ओतताना ती पायाखाली दबून खाली सरकते. प्रभावी खोली २६० मिमी धरलेली असताना सळई ४० मिमी खाली गेली, तर मोमेंटची क्षमता १५ टक्क्यांहून अधिक घटते. त्यामुळे वरच्या सळईखाली पक्क्या चेअर (सळईला उंचीवर धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार) बांधाव्यात, ओतण्यापूर्वी खोली प्रत्यक्ष मोजावी, आणि ती नकाशापेक्षा कमी भरल्यास सळई पुन्हा जागेवर बसेपर्यंत काम थांबवावे.