दहा दिवसांचा परमुलखातील क्षेत्र अभ्यास कसा आखावा

मुंबईतील अनेक पदवी महाविद्यालयांत ‘फील्ड व्हिजिट’ या नावाखाली जे चालते, ते बहुतेक वेळा सहलच असते: चार दिवसांत तीन शहरे, बसमधून उतरून पाहिलेली दोन मंदिरे आणि एक संग्रहालय, शेवटच्या दिवशी खरेदी, आणि परतल्यावर इंटरनेटवरून उतरवून काढलेला अहवाल. सहलीला हरकत घेण्याचे कारण नाही. ती विद्यार्थ्यांचा हक्कच आहे. मात्र परक्या समाजाचा अभ्यास म्हणून ज्याला श्रेयांक (क्रेडिट) द्यायचे, त्याची आखणी वेगळी करावी लागते आणि तिचे मुख्य सूत्र एकच आहे. एका गावी किंवा एका वस्तीत राहावे, एकच प्रश्न घेऊन राहावे, आणि ज्यांच्या दारात आपण जातो त्यांचे आपण देणे लागतो हे हिशेबात धरावे. पुढील मार्गदर्शन हा उपक्रम प्रथमच हाती घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि त्यात नाव नोंदवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

प्रथम श्रेयांकांचे गणित पाहू, कारण वेळापत्रक त्यावरूनच ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पदवी अभ्यासक्रम आराखड्यानुसार क्षेत्रकार्याचा एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचे प्रत्यक्ष काम होय. दोन श्रेयांक धरले तर साठ तास होतात, म्हणजे दहा दिवस रोज सहा तास. यात रेल्वेतील प्रवास, जेवण आणि स्थलदर्शन मोजू नये. पूर्वतयारी आणि परतल्यानंतरचे लेखन यांचे तास वेगळे लावता येत असतील, तर विभागाने ते अभ्यास मंडळाकडून आधीच मंजूर करून घ्यावेत. मागाहून दिलेल्या मंजुरीवर परीक्षा विभाग हमखास शेरा मारतो.

ठिकाण आणि प्रश्न

परमुलूख म्हणजे परदेशच असे नव्हे. पासपोर्ट, व्हिसा आणि विमानभाडे यांचा खर्च पेलू शकणारी मुलेच जर जाऊ शकत असतील, तर वर्गातील निम्म्याहून अधिक विद्यार्थी पहिल्याच दिवशी गळतात. भाषा, आहार, लिपी, घरातील रीतिरिवाज हे सारे बदललेले असूनही स्लीपरच्या तिकिटात पोहोचता येईल अशी ठिकाणे देशात पुष्कळ आहेत. केंद्र सरकारच्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली असल्यामुळे काही महाविद्यालये तिकडे वळतात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु योजनेच्या मागे न लागता आधी प्रश्न ठरवावा आणि मग त्या प्रश्नाला साजेसे गाव शोधावे, असे माझे मत आहे.

उदाहरण म्हणून कोची शहरातील मट्टनचेरी आणि फोर्ट कोची हा भाग घेऊ. पायी फिरून पाहता येईल एवढ्या परिसरात तेथे मल्याळी हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती यांच्यासह गोव्याहून गेलेले कोंकणीभाषक गौड सारस्वत, गुजराती व्यापारी, कच्छी मेमन आणि तमिळभाषक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १५६८ मध्ये बांधलेले ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ येथेच आहे, जरी ज्यू समाजातील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली. मुंबईच्या विद्यार्थ्याला हा भाग विशेष उपयोगी पडतो, कारण येथील जागांना जुळणाऱ्या जागा मुंबईतच सापडतात. मशीद बंदर भागातील बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यूंचे सिनेगॉग १७९६ मधील आहे, आणि आज मासळीचा धक्का असलेले ससून डॉक १८७५ पासून चालू आहे. एकच प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारता येतो, आणि तुलना म्हणजे काय हे विद्यार्थ्याला व्याख्येवाचून कळते.

प्रश्न मात्र लहान हवा. ‘केरळची संस्कृती’ हा प्रश्न नव्हे. ‘किनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या मासळीचा भाव कोण ठरवतो आणि पैसे कोणाच्या हाती कधी पडतात’ हा प्रश्न आहे. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरील चिनी जाळी याच प्रश्नासाठी पाहावीत. मोठ्या लाकडी सांगाड्याला बांधलेले जाळे पाण्यात सोडतात, दुसऱ्या टोकाला दोरांना लटकवलेले दगड त्याचा तोल सांभाळतात, आणि चार-सहा माणसे मिळून दोर ओढतात तेव्हा ते वर येते. पर्यटक या जाळ्याचे छायाचित्र काढून पुढे जातो, किंवा हौसेने दोर ओढून पाहतो आणि त्याबद्दल पैसे देतो. अभ्यासकाने मात्र तेथे सकाळभर बसून पाहायचे असते, की जाळ्याचा मालक आणि दोर ओढणारे एकच आहेत काय, मिळालेल्या मासळीचे वाटे कसे पडतात, आणि त्या दिवशीच्या कमाईत मासळीचा भाग किती व पर्यटकांच्या पैशांचा किती. या तीन गोष्टी नीट समजल्या तरी दहा दिवस सार्थकी लागले असे समजावे.

जाण्यापूर्वीचे दोन महिने

जबाबदार शिक्षकाने एकदा तरी आधी एकट्याने जाऊन यावे. फोनवर ठरवलेली निवासव्यवस्था आणि प्रत्यक्षातली निवासव्यवस्था यांत अंतर असते, आणि स्थानिक मंडळींनाही आपल्याकडे येणार कोण हे पाहायचे असते. तेथील एखाद्या महाविद्यालयाचा समाजशास्त्र, इतिहास किंवा भाषा विभाग सोबतीला घ्यावा आणि त्याच्याशी प्राचार्यांमार्फत लेखी करार करावा. त्यांचे विद्यार्थी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर दुभाषे म्हणून फिरणार असतील तर त्यांना मानधन द्यावे. ‘त्यांनाही अनुभव मिळेल’ हे कारण सांगून फुकट काम करून घेणे शोभत नाही. शक्य असल्यास पुढच्या वर्षी त्यांच्या विद्यार्थ्यांना मुंबईत बोलवावे, म्हणजे पाहणारे कोण आणि पाहिले जाणारे कोण ही बाजू एकदा तरी उलटते.

गट पंधरा ते वीस विद्यार्थ्यांचा असावा. त्याहून मोठा गट कोणत्याही गल्लीत शिरला की ती गल्ली आपले नेहमीचे वागणे थांबवून त्या गटाकडे पाहू लागते. निवड गुणपत्रिकेवरून करू नये. अर्धे पान लिहून घ्यावे आणि दहा मिनिटे बोलावे. वर्गात गप्प बसणारा, पण बाजारात सहज बोलता होणारा विद्यार्थी या कामात फार पुढे जातो.

पूर्वतयारीचे वर्ग आठवड्यातून एकदा, शनिवारी घ्यावेत. मल्याळममधील तीस-चाळीस वाक्ये पाठ व्हायला हवीत: नाव विचारणे, परवानगी मागणे, भाव विचारणे, नको म्हणणे, आभार मानणे. वयाने मोठ्या पुरुषाला ‘चेट्टा’ आणि स्त्रीला ‘चेची’ म्हणावे, एवढे जरी जिभेवर बसले तरी पुष्कळ दारे उघडतात.

परंतु तयारीतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मुंबईतला सराव. दोघादोघांच्या जोड्या करून विद्यार्थ्यांना पहाटे ससून डॉकवर पाठवावे. मोबाइल खिशातून काढायचा नाही आणि कोणाची मुलाखत घ्यायची नाही, असे आधीच बजावावे. फक्त तासभर उभे राहून पाहायचे आणि बाहेर आल्यावर लिहायचे. बोटीतून उतरणाऱ्या टोपल्या, लिलाव पुकारणारा, पापलेट-सुरमई उचलणारे व्यापारी आणि बाजूला बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका हे सर्व एकाच वेळी चालू असते, आणि कोणाकडे पाहावे हे न कळल्यामुळे पहिल्या खेपेचे टिपण बहुधा वासावर आणि गर्दीवरच संपते. तेच टिपण वर्गात सर्वांसमोर वाचावे. कोळंबी सोलणाऱ्या बाईला मजुरी दिवसाची मिळते की सोललेल्या मालाच्या मोजावर, हे कोणीच पाहिले नाही असे लक्षात आले, की दुसऱ्या खेपेला काय पाहायचे ते विद्यार्थी आपणहून ठरवतात. घरापासून तासाभराच्या लोकलवर असलेली जागाही आपल्याला परकी आहे, ही जाणीव येथेच होते. ती झाल्यावर केरळात गेल्यावर ‘हे लोक असेच’ अशी विधाने पुष्कळ कमी होतात.

संमतीचा मसुदाही मुंबईतच तयार व्हावा. आपण कोण, कोठून आलो, काय विचारणार, माहितीचे काय करणार, आणि नको वाटल्यास मध्येच थांबता येईल, एवढ्या पाच गोष्टी त्यात साध्या वाक्यांत असाव्यात. त्याचे मल्याळम भाषांतर स्थानिक विभागाकडून तपासून घ्यावे आणि तो वाचून दाखवावा; सही मागितली की लोक बिचकतात, आणि ते स्वाभाविक आहे. अठरा वर्षांखालील मुलांची मुलाखत पालकांच्या परवानगीवाचून घेऊ नये. प्रथम वर्षाच्या आपल्याच काही विद्यार्थ्यांना अठरा पूर्ण नसतात, याचाही विसर पडू नये. त्यांच्या पालकांची लेखी संमती फाइलला हवी.

तेथे गेल्यावर

पहिले दोन दिवस मुलाखती घेऊ नयेत. चालावे, नकाशा काढावा, चहाच्या त्याच टपरीवर त्याच वेळी पुन्हा जावे. वेळापत्रकात रोज दुपारचे दोन-तीन तास मोकळे सोडावेत, कारण न ठरलेल्या भेटी त्याच वेळात होतात. आणि रोज संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, मग दिवस कितीही दमवणारा गेलेला असो.

टिपणे त्याच रात्री पूर्ण व्हावीत. वहीच्या डाव्या पानावर जे पाहिले-ऐकले तेवढेच, आणि उजव्या पानावर आपल्याला काय वाटले ते, अशी विभागणी सुरुवातीपासून लावावी. ‘येथील दुकानदार आळशी आहेत’ हे वाक्य डाव्या पानावर चालणार नाही. तेथे ‘दुपारी दीड वाजता मसाल्याच्या रस्त्यावरील सात दुकानांपैकी पाच बंद, उघड्या दुकानातील गृहस्थ म्हणाले, जेवायला घरी जातात, चारला उघडतात’ असे लिहावे लागेल, आणि असे लिहिल्यावर ‘आळशी’ हा शब्द उजव्या पानावरही टिकत नाही. प्रत्येक टिपणाची छायाप्रत किंवा छायाचित्र दुसऱ्या दिवशी शिक्षकाकडे जमा करावे. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली तयार झालेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची कर्नाटकातील रामपुरा गावावरील, नीट लावून लिहिलेली टिपणे १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथील आगीत जळाली होती. त्यांच्यासारख्याने स्मरणावर विसंबून पुढे लिहिले, तरी पदवीच्या विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा ठेवता येणार नाही.

मुंबईच्या गटाला मट्टनचेरीत एक अडचण हटकून येते, आणि ती सोयीच्या रूपात येते. मराठी मुलाला कोंकणी थोडी कळते, गुजराती घरातील मुलीला गुजराती वस्तीत आग्रहाने जेवायला बसवतात, आणि दुकानदारांशी हिंदीत भागते. तीन दिवसांत असे दिसते, की निम्म्या मुलाखती आपल्याशी बोलू शकणाऱ्यांच्याच झाल्या आहेत आणि मल्याळमखेरीज दुसरी भाषा न बोलणारा मच्छीमार, हमाल किंवा घरकाम करणारी बाई वहीत आलेलीच नाही. यासाठी भिंतीवर एक तक्ता लावून कोणाशी कोणत्या भाषेत बोलणे झाले हे रोज भरावे, आणि चौथ्या दिवशी जोड्या मुद्दाम बदलून दुभाष्यांसह उरलेल्यांकडे पाठवावे. आपलेपणा मिळाला तर नाकारू नये. पण त्याच्या आधारे संपूर्ण वस्तीविषयी विधान करू नये.

प्रार्थनास्थळांचे नियम आधी विचारून घ्यावेत. परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद असते, आणि हे ठाऊक नसलेला अभ्यासगट दाराशी उभा दिसला की यजमानांचा आपल्या तयारीवरील विश्वास कमी होतो. लोकांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे व रील मुक्कामात समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हा नियम लेखी असावा. आहाराबाबत स्पष्ट बोललेले बरे: शाकाहारी किंवा जैन विद्यार्थ्यांची सोय आधीच लावावी, आणि यजमानांच्या ताटातील मासे-मांसाकडे पाहून तोंड वाकडे करणाऱ्याला संध्याकाळच्या बैठकीत समज द्यावी.

प्रवास, पैसा, सुरक्षितता

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होते, म्हणून तारखा त्याआधी पक्क्या हव्यात. शैक्षणिक दौऱ्यांसाठी स्लीपर वर्गात विद्यार्थ्यांना सवलत असते. तिचा अर्ज प्राचार्यांच्या पत्रासह वेळेत करावा. जून ते सप्टेंबर टाळावेत, कारण कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागते आणि गाड्या संथ धावतात. डिसेंबरचा अखेरचा आठवडाही नको. तेव्हा फोर्ट कोची पर्यटकांनी भरून वाहते आणि खोल्यांचे भाव चढतात. पहिल्या सत्राची परीक्षा संपल्यानंतरचे नोव्हेंबरअखेरचे दिवस सर्वांत बरे.

दोन शिक्षक सोबत असावेत, त्यांतील एक स्त्री. गटाचा अपघात विमा, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता, विद्यार्थ्यांची औषधे व ॲलर्जी यांची यादी आणि अंतर्गत तक्रार समितीचा क्रमांक प्रत्येकाकडे असावा. पाण्यात उतरण्यास संपूर्ण बंदी ठेवावी आणि तिला अपवाद करू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ते ज्यांना आठवते त्यांना या नियमाचे कारण सांगावे लागत नाही.

परतल्यानंतर

अहवाल तीन आठवड्यांत घ्यावा. सत्र पुढे सरकले की वह्या मिटतात. गुण देताना सजवलेल्या स्लाइडपेक्षा डाव्या पानांना अधिक वजन द्यावे, आणि आपले एखादे मत का बदलावे लागले यावर प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्यावे. त्या पानाला गुण ठेवू नयेत. ठेवले तर सगळ्यांचीच मते सोयीस्करपणे बदललेली आढळतात.

निष्कर्षांचा दोन-तीन पानी मल्याळम सारांश करून तो सोबतच्या महाविद्यालयाकडे आणि ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे पाठवावा. त्यांनी दाखवलेल्या चुका अहवालात दुरुस्त कराव्यात, आणि मगच तो विभागात जमा करावा. ज्यांची छायाचित्रे काढली, त्यांना छापील प्रती टपालाने जातील एवढी तरतूद खर्चाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावी. हिशेबाच्या पावत्या, संमतीपत्रे आणि पुढील वर्षीच्या शिक्षकासाठी लिहिलेली सूचना एकाच फाइलमध्ये लावून ती विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवावी.