परत नोकरी करायची म्हणताय? आधी पाणी कोण भरणार ते ठरवा

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या तिघींनी वेगवेगळं गाठून मला एकच विचारलं, तू परत कशी काय लागलीस गं, बायोडेटा कुणाकडनं करून घेतलास. तिघींना अर्धं अर्धं सांगून झालं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. बायोडेटा सगळ्यात शेवटी येतो बरं का. मी २०१३ ला नोकरी सोडली, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला होते, आणि २०२२ ला परत लागले. ती परत लागलेली पहिली नोकरी दोन महिन्यात सुटली, आणि ती सुटली ती नऊ वर्षांच्या गॅपमुळं नाही, पाण्यामुळं.

सोलापुरातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं आणि वेळ अशी नाहीच, कधी पहाटे चारला कधी दुपारी साडेअकराला. नळ आला की मोटर लावा, वरची टाकी भरा, पिण्याचं वेगळं गाळून ठेवा, धुणं त्याच दिवशी काढा. नऊ वर्षं हे सगळं माझ्याकडं होतं त्यामुळं घरात कुणाला हे काम आहे असं वाटतच नव्हतं, मलापण नाही. नोकरी लागल्यावर पाण्याचा दिवस आणि ऑफिसचा दिवस एक आला की मी फोन करून सांगायची सर आज थोडा उशीर होईल. दोन महिन्यात पाच हाफ डे झाले. मालक वाईट काही बोलले नाहीत, महिना संपल्यावर एवढंच म्हणाले, मॅडम तुम्ही आधी घरचं बघून घ्या.

तर पहिलं काम हे. एक वही घ्या आणि आठ दिवस, नाही जमलं तर पाण्याचे दोन दिवस येतील इतके दिवस, तुम्ही सकाळपासून काय काय करता ते वेळेसकट लिहा. व्हॅनवाल्याला मुलं सोडणं, सिलिंडर आला की दार उघडणं, सासूबाईंची बीपीची गोळी, दळण, सगळं. मग एकेका ओळीपुढं नाव लिहा, हे आता कोण करणार. ज्या ओळीपुढं नाव येत नाही तिथंच नोकरी अडकणार आहे हे धरून चाला. मिस्टर म्हणतील होईल की मॅनेज, तर होईल म्हणजे कोण करेल ते त्यांच्याच हातानं लिहून घ्या, हसू नका, माझं यानंच जमलं. आमच्याकडं आता पाणी पहाटे आलं तर हे बघतात, दुपारी आलं तर शेजारच्या अक्का. त्यांच्याकडं आमच्या मोटरच्या खोलीची चावी असते आणि टाकीला बॉल कॉक बसवून घेतलाय म्हणजे वाहून जायचं टेन्शन नाही. बदल्यात त्यांच्या मुलाचं इन्कम टॅक्सचं रिटर्न मी भरून देते. फुकटात कुणावर कायमचं काम टाकू नका, दोन महिन्यात कंटाळतात.

दुसऱ्यांदा मी नोकरी हुडकायच्या आधी पंधरा दिवस रंगीत तालीम केली. रोज दहाला डबा घेऊन बाहेर पडायचं ते सहालाच परत यायचं, वाचनालयात बसायचं आणि टॅलीचे, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे, व्हिडिओ बघायचे. पहिल्या दिवशी सात फोन आले, त्यातले दोन शेंगाची चटणी कुठल्या बरणीत आहे यासाठी. पाचव्या दिवसापासून एखादाच. सासूबाई सुरुवातीला शेजारी सांगत होत्या की सून वाचनालयात झोपायला जाते, त्याकडं लक्ष दिलं नाही. हे ऐकायला वेडेपणा वाटेल पण जे सात फोन ऑफिसात पहिल्या आठवड्यात आले असते ते आधीच येऊन गेले.

आता कागदपत्रं. यात सगळ्यात मोठी अडचण नावाची. मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, पॅनवर तिसरंच काहीतरी आणि बँकेत वडिलांच्या नावाचं इनिशियल. आधार, पॅन आणि बँक या तिन्हीवरचं नाव एका स्पेलिंगचं करून घ्या, कारण पीएफला त्याच्यावरच केवायसी होते आणि एका अक्षरानं अडतं. मार्कशीट बदलायच्या मागं लागू नका, लग्नाचं सर्टिफिकेट सोबत जोडलं की खाजगीत चालतं. ते नसेल तर महापालिकेत विवाह नोंदणी करून घ्या, उशिरानंसुद्धा होते. सरकारी ठिकाणी नावातला बदल राजपत्रात आलेला मागतात, ते ऑनलाइन अर्ज करून होतं. पॅन आधारला लिंक नसेल तर ते बंद पडलेलं असतं, १,००० रुपये दंड भरून चालू करून घ्या, आणि हे इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी करायचं काम नाही. बँक खात्यात दोन वर्षांपेक्षा जास्त आपण काहीच व्यवहार केला नसेल तर तेसुद्धा इनऑपरेटिव्ह झालेलं असतं. शाखेत जाऊन परत केवायसी करा, त्याला पैसे लागत नाहीत.

जुना पीएफ विसरू नका हं. यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, २०१४ पासून आला, म्हणजे माझ्यासारख्या त्याआधी सोडलेल्यांकडं फक्त जुना पीएफ नंबर असतो, तो जुन्या पगाराच्या स्लिपवर सापडतो. ते पैसे काढून टाकायची घाई करू नका. पेन्शनला एकूण दहा वर्षांची सर्व्हिस लागते आणि जुनी वर्षं काढून घेतली नसतील तर ती त्यात धरली जातात. माझी जुनी चार आहेत, म्हणजे सहाच राहिली होती.

शिकायचं काय हे ज्याच्या त्याच्या लाइनवर आहे, मी माझंच नीट सांगू शकते. मी सोडलं तेव्हा व्हॅट, म्हणजे जुना विक्रीकर, होता. परत आले तर १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागलेला, टॅली ईआरपी जाऊन टॅली प्राइम आलेलं, माल गाडीतनं पाठवताना लागणारं ऑनलाइन ई-वे बिल आलेलं. मला वाटलं संपलं सगळं. पण डेबिट क्रेडिट तेच आहे, बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं, तेच आहे, नवीन जे आहे ते तीन-चार महिन्यात येतं. शिकताना नुसत्या व्याख्या पाठ करू नका, तारखा आणि आकडे लक्षात ठेवा कारण इंटरव्ह्यूत तेच विचारतात. जीएसटीची रिटर्न दोन, विक्रीचं जीएसटीआर वन पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, कर भरायचं थ्रीबी २० पर्यंत, लहान धंद्यांचं तिमाही वेगळं. ई-वे बिल राज्याबाहेर माल चालला तर ५०,००० च्या वर लागतं पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, हे मला विचारलं होतं आणि आलं म्हणून समोरच्याचा चेहराच बदलला. सगळं शिकून झालं म्हणेपर्यंत २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅबच गेले, त्या आठवड्यात ऑफिसात जुने-नवे सगळे सारखेच गोंधळलेले होते. गॅपची भीती तिथं जरा कमी झाली माझी.

बाकीच्यांचं थोडक्यात. शिक्षिका असाल आणि पहिली ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. आधी ते सर्टिफिकेट सात वर्षंच चालायचं, आता कायमचं चालतं, म्हणून जुनं फेकू नका. खाजगी शाळांच्या जागा एप्रिल-मेमध्ये भरतात, जूनमध्ये जाऊन उपयोग नाही. नर्स किंवा फार्मसीवाल्यांनी आधी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का बघा, हॉस्पिटल नंतर. राज्य सरकारच्या जागांना वयाची अट साधारण खुल्या वर्गाला ३८ आणि राखीवला ४३ आहे, तेव्हा तो विचार असेल तर आजच एमएस-सीआयटीचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या कोर्सचं, सर्टिफिकेट हुडका.

नोकरी कुठं बघायची? अकाउंट्सवाल्यांनी सीएंच्या ऑफिसात जावं असं माझं स्पष्ट मत आहे. रिटर्न आणि ऑडिटच्या आधी, म्हणजे जून ते सप्टेंबर, त्यांना माणसं कमी पडतात, तीन महिन्यांसाठीसुद्धा घेतात आणि त्या तीन महिन्यात तुम्ही जे शिकता ते क्लासमध्ये सहा महिन्यात होत नाही. वर तिथून पन्नास धंदेवाल्यांची ओळख होते. मला आत्ताची नोकरी, गारमेंटचं युनिट आहे, युनिफॉर्म शिवतात, ती अशीच मिळाली. एमआयडीसीत जाणार असाल तर अंतराचा विचार करा, अक्कलकोट रोड वेगळं आणि चिंचोळी वेगळं, तिकडं शाळेतनं फोन आला तर लगेच पोचता येत नाही. घरबसल्या डाटा एन्ट्री, दिवसाला दोन हजार, फक्त रजिस्ट्रेशन फी भरा, असे मेसेज आले तर सरळ ब्लॉक करा. काम देणारा पैसे मागत नसतो. कुणी फसलंच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, उशीर झाला की पैसे अडवता येत नाहीत.

आता आला बायोडेटा. एक पान. गॅप लपवू नका, वर्षं खालीवर करू नका, दोन ओळी लिहा: २०१३ ते २०२२ मुलांच्या संगोपनासाठी नोकरीतून बाहेर होते, या काळात टॅली प्राइम आणि जीएसटीचा कोर्स केला. बस्स. बचत गटाचा हिशोब सांभाळला असेल, सोसायटीची खजिनदार असाल, तर ते खरं काम आहे, आकड्यासकट लिहा. आणि भाषा लिहा! ही गोष्ट सोलापूरच्या बायका हमखास विसरतात. आपल्यातल्या किती जणींना तेलुगू बोलता येतं, कन्नड समजतं, आणि बायोडेटात नुसतं मराठी हिंदी इंग्लिश. कारखान्यातल्या निम्म्या बायका आपसात तेलुगू बोलतात, हॉस्पिटलात विजापूर-कलबुर्गीकडचे पेशंट येतात, तिथं रिसेप्शनला कन्नड येणारी बाई पाहिजेच असते.

इंटरव्ह्यूत विचारतातच, मुलं केवढी आहेत, मिस्टर काय करतात, घरी कोण असतं. पुरुषांना विचारत नाहीत हे खरं आहे आणि रागही येतो, पण मी भांडत बसले नाही, एकच वाक्य ठरवून ठेवलं होतं: सर, घरची व्यवस्था लावूनच आले आहे, मला दहा ते सहा जमतं, शनिवारी चारपर्यंत. वहीतलं काम आधी झालेलं असलं की हे वाक्य खोटं वाटत नाही.

पगाराचं मात्र नीट ऐका. पहिल्या वेळी मला विचारलं किती अपेक्षा आहे, मी म्हणलं सर तुम्ही द्याल ते. त्यांनी ८,००० दिले. पेट्रोल, मुलाची व्हॅन, कडक भाकरी देणाऱ्या मावशी, धाकट्याची ट्यूशन असा माझा नवीन खर्च ४,२०० यायचा, म्हणजे महिनाभर राबून ३,८०० उरत होते आणि घरात सगळे म्हणायचे तेवढ्यासाठी कशाला. बरोबरच होतं त्यांचं! दुसऱ्या वेळी आधी हा खर्च काढला, त्याच कामाला दुसरीकडं काय देतात ते दोघी-तिघींना विचारलं आणि मी १६,००० म्हणाले. बोलताना आवाज कापत होता. १४,५०० वर ठरलं. आपण नऊ वर्षं घरी होतो म्हणून आपला रेट कमी, हे मालक नंतर म्हणतो, आधी आपणच म्हणतो.

पीएफ नको, त्यापेक्षा हातात जास्त देतो असं म्हणाले तर हो म्हणायच्या आधी हिशोब करा. बेसिक १०,००० असेल तर १,२०० तुमचे जातात पण तेवढेच मालकाचेही पडतात, ते हातात जास्त देताना कुणी धरत नाही. पगार २१,००० पर्यंत असेल आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू होतो, पगारातनं पाऊण टक्का जातो आणि घरच्यांच्याही औषधपाण्याची सोय होते, सासूबाईंचं नाव घालता येतं का तेही विचारून घ्या. ५० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी २०१७ पासून पाळणाघराची सोय कायद्यात आहे, लहान बाळ असेल तर विचारायला काय जातंय.

लागायचं कधी? मी म्हणेन जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर. एप्रिल-मेमध्ये मुलं दिवसभर घरात, बाहेर ४३ डिग्री, त्यात आपण नवीन, सगळ्यांचीच चिडचिड. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यातपण नको, पाहुणे असतात. आणि इंटरव्ह्यूची तारीख द्यायच्या आधी पाण्याचा दिवस मोजा. मी मोजला होता तरी त्या दिवशी पाणी एक दिवस आधी आलं, अक्कांनी मोटर लावली, आणि मी साडेदहाला वेळेवर पोचले.