पियार्कोला मध्यरात्री उतरताना

पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की आपल्याला १९७१ आठवतं. सरदेसाईंचं शतक, गावसकरांचं पदार्पण. पण विमान उतरतं पियार्कोला, शहराच्या पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, आणि अमेरिकेहून येणारं असेल तर पुष्कळदा रात्री उशिरा. पॉइंट लिसासच्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामासाठी मी चार वेळा त्रिनिदादला गेले, चारही वेळा रात्रीच पोचले. पहिली रात्र वाईट गेली. तशी दुसऱ्या कुणाची जाऊ नये, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी तारीख नीट कळवा. माझं विमान १४ तारखेला रात्री १२.२० ला पोचणार होतं. मी गेस्ट हाउसला लिहिलं, "१४ ला रात्री येतेय." त्यांनी गाडी १४ च्या रात्रीसाठी लावून ठेवली, म्हणजे मी उतरल्यानंतर जवळजवळ चोवीस तासांनी. मी दोन बॅगा घेऊन बाहेर उभी, आजूबाजूची गर्दी पांगत चाललेली, आणि माझ्या नावाची पाटी कुणाच्याच हातात नाही. तेव्हापासून मी असं लिहिते: "१३ चा दिवस संपल्यावर, १४ उजाडायच्या आधी, रात्री १२.२०." खोलीचं बुकिंगही १३ पासूनच करायचं. १४ पासून केलंत तर पहाटे दोनला दारात उभं राहून दुपारच्या चेक-इनची वाट बघावी लागेल. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, जाऊ द्यावेत.

आता कागदपत्रं. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, आणि पहिल्याच अमेरिकन विमानतळावर बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. दोन विमानांत तीन तास तरी ठेवा. दुसरी गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीतच नसते: पीतज्वराची (यलो फीवरची) लस. भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे. परत येताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र लागू होतं, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही. लष्करी छपाईचे, हिरवे-खाकी ठिपक्यांचे कपडे मात्र घरीच ठेवा. तिथे सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा.

इमिग्रेशनला कुठे राहणार, किती दिवस आणि परतीचं तिकीट हे विचारतात. पत्ता आणि घरमालकाचा फोन कागदावर लिहून न्या. इतक्या प्रवासानंतर मोबाइलची बॅटरी संपलेली असते, आणि सिमकार्डाचं दुकान त्या वेळी उघडं सापडेलच असं नाही. पैशांचंही तेच. तिथला डॉलर वेगळा, एका अमेरिकन डॉलरला साडेसहाच्या वर मिळतात. पण टॅक्सीवाले अमेरिकन डॉलर घेतात, म्हणून पाच, दहा, वीसच्या सुट्या नोटा जवळ असाव्यात. शंभरची नोट मध्यरात्री कुणीही मोडून देत नाही.

बाहेर पडलात की दमट वारा एकदम अंगावर येतो, चष्म्यावर वाफ धरते. घाई करू नका. दाराशी येऊन कुणी हळूच "टॅक्सी?" विचारलं तरी त्याच्यामागे जाऊ नका. विमानतळाच्या अधिकृत टॅक्सीवाल्यांकडेच जा, दर आधी विचारून घ्या, आणि गाडीची नंबरप्लेट बघा. भाड्याच्या गाडीचा नंबर 'एच'ने सुरू होतो, खासगी गाडीचा 'पी'ने. 'पी'च्या गाडीत बसायचं नाही, भाडं निम्मं सांगितलं तरी. विमानतळापासून पाठलाग करून घराच्या फाटकाशी लुटल्याच्या बातम्या तिथल्या पेपरांत येऊन गेल्या आहेत. म्हणून आतूनच घरमालकाला फोन करा, फाटक उघडून तयार राहायला सांगा. पोलिसांचा नंबर ९९९.

आणि बोलायची सुरुवात "गुड नाइट"ने करा. आपल्याला तो निरोप वाटतो, पण त्रिनिदादमध्ये रात्री भेटल्यावर करायचा तो नमस्कार आहे. पहिल्या रात्री मी एका बाईंना सरळ विचारलं, "टॅक्सी कुठे मिळेल?" त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "गुड नाइट." मी म्हटलं, "गुड नाइट." मग मात्र त्या स्वतः मला टॅक्सीपर्यंत सोडायला आल्या. आधी माणसाची दखल, मग काम. तिथे याला फार किंमत आहे.

त्या रात्रीचा टॅक्सीवाला साठीचा होता. पॉइंट लिसासजवळच्या कुवा गावाकडे जाताना तो म्हणाला, "माझी आजी मला भाजी करून घालायची." मी दचकलेच. भारतातून नेलेल्या मजुरांचं पहिलं जहाज ३० मे १८४५ ला त्रिनिदादला लागलं. नंतर आलेल्या मजुरांतले बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, पण वडिलांच्या आईला त्यांची नातवंडं अजून आजी म्हणतात आणि पालेभाजीला भाजी. दीड दिवसाच्या प्रवासानंतर परक्या अंधारात ते दोन शब्द ऐकून माझे डोळे भरून आले होते.

खोलीत पोचलात की घरी फोन करा. तिथे मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, सगळे जागेच असतात. चार्जरला चपट्या पिनांचं प्लग लागेल. वीज ११५ व्होल्ट, त्यामुळे घरून नेलेली किटली धड तापत नाही. डासांचं मलम वरच्याच कप्प्यात ठेवा.

सकाळी रस्त्याच्या कडेला डबल्सची गाडी शोधा. हळद घातलेले दोन मऊ बारे, म्हणजे तळलेल्या छोट्या पोळ्या, मध्ये चण्याची उसळ, वर चिंच आणि काकडी, कागदात गुंडाळून हातावर. विक्रेता "पेपर?" असं विचारेल. तो मिरीबद्दल विचारत नसतो, तिथल्या जहाल मिरचीच्या चटणीबद्दल विचारतो. पहिल्या दिवशी "स्लाइट" म्हणा.