नाल्याचं सॅम्पल घ्यायला चाललाय? आधी काठानं एक फेरी मारून या

सांडपाण्यातला अँटिबायोटिक रेझिस्टन्स (म्हणजे जिवाणूंनी औषधाला दाद न देणं) हा विषय हल्ली आपल्या बेळगावकडची बरीच पोरं प्रोजेक्टला घेतात. बाटली भरून आणतात, प्लेटी लावतात (म्हणजे अगरच्या बशीत जिवाणू वाढवतात), कॉलन्या (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) मोजतात, आणि मग सर विचारतात की बाबांनो हितंच का जास्त आलं, तर सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली. काठावर काय काय आहे ते कुणी लिहूनच आणलेलं नसतंय.

म्हणून पहिला अर्धा दिवस बाटली नेऊच नका. वही घ्या आणि बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याच्या काठानं चाला. हॉस्पिटल, नर्सिंग होमचा पाइप कुठं मिळतोय ते बघा, कारण तिथं सगळ्यात स्ट्राँग औषधं वापरली जातात. गोठे मोजा. म्हशीला कासदाह झाला की सडात जी ट्यूब सोडतात तीपण अँटिबायोटिकच असते, तिच्या रिकाम्या पिचकाऱ्या गोठ्यामागं पडलेल्या दिसतात, फोटो काढून ठेवा. पोल्ट्रीवाल्याला गोडीत विचारा पाण्यातनं काय देतोस म्हणून (कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांना द्यायला जुलै २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळं ‘देतो’ असं तोंडानं कोण सांगणार म्हणा). उद्यमबागकडं फाउंड्री आणि प्लेटिंगची कामं चालतात, तेही लिहा, कारण झिंक, क्रोमियम, तांबं असल्या धातूंना तोंड द्यायचे जीन आणि औषधांना तोंड द्यायचे जीन बऱ्याचदा एकाच प्लाझमिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या तुकड्यावर) असतात, म्हणजे पाण्यात औषधाचा थेंब नसला तरी रेझिस्टंट जिवाणू तग धरून राहतात. हे नवीन पोरं हमखास विसरतात.

चिक्कोडी-निपाणीकडचे असाल तर वेगळं बघावं लागेल. दूधगंगा, वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातनं खाली येतात, म्हणजे गावाखालच्या सॅम्पलमध्ये जे सापडेल ते सगळं तुमच्याच गावचं असेल असं नाही. गावाच्या वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला एक, अशा दोन बाटल्या घ्याच. रायबाग, अथणीत ऊसाचा सीझन चालू असताना तोडणीच्या टोळ्या येऊन राहतात, तळावर संडासची सोय नीट नसते, तेव्हा सीझनमधलं एक आणि सीझन संपल्यावरचं एक असं घ्या.

पावसाचं गणित तर सगळ्यात फसवं. खानापूरकडं धो धो, अथणीकडं कोरडं, तिथं उन्हाळ्यात नाल्याला सांडपाणी सोडलं तर दुसरं पाणीच नसतं. त्यामुळं नुसता कॉलन्यांचा आकडा दोन गावांत तोलू नका, टक्का काढा. समजा मे महिन्यात साध्या प्लेटवर १५० ई. कोलाय (आतड्यातले जिवाणू) आणि अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर ३० आले तर २० टक्के. जुलैत ४० आणि १२ आले, आकडा पडला म्हणून तुम्ही खूश, पण टक्का ३० झाला की! फक्त दोन्ही प्लेटींचं डायल्यूशन (सॅम्पल किती पट पातळ केलं ते) एकच असू दे.

पाण्याचं तापमानही लिहा. दिल्लीच्या पाण्यातल्या एनडीएम-१ या रेझिस्टन्सच्या जीनवर २०११ मध्ये पेपर आला होता, त्यात हे जीन एका जिवाणूतनं दुसऱ्यात जायचं प्रमाण ३० अंशाला जास्त दिसलं होतं, आणि आपल्याकडं नाल्याचं पाणी त्याच्या आसपास असायला कितीसा वेळ लागतोय.

आता बाटली. निर्जंतुक, अर्ध्या लिटरची, हातात ग्लोव्हज, तोंड प्रवाहाच्या उलट करून मधल्या पाण्यातनं भरा, काठचा गाळ ढवळू नका. एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) आउटलेटचं पाणी असेल तर बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट टाकलेलं पाहिजे, नाहीतर क्लोरीन वाटेतच सगळं मारून टाकतंय. लगेच बर्फाच्या डब्यात. आम्ही पहिल्यांदा एप्रिलात गेलो, बाटल्या स्कूटरच्या डिकीत ठेवून चहाला थांबलो आणि गप्पांत दीड तास गेला, सगळं सॅम्पल नाल्यातच परत ओतावं लागलं.

प्लेटी कॉलेजच्या लॅबमध्येच, घरी अजिबात नको. डब्ल्यूएचओच्या ट्रायसायकल पद्धतीत (रेझिस्टंट ई. कोलाय मोजायची पद्धत) टीबीएक्स अगर आहे, त्यावर ई. कोलाय रंगावरनं ओळखू येतो, पण ते महाग पडतं, मॅकॉन्की अगरवर भागतंय, पण मग गुलाबी कॉलनी दिसली की लगेच ई. कोलाय म्हणू नका, इंडोल टेस्ट करून बघा. औषधाच्या प्लेटीत सेफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक दर मिलीलिटरला ४ मायक्रोग्रॅम, अगर ५० अंशापर्यंत निवल्यावरच घाला. एका औषधाच्या प्लेटवर एटीसीसी २५९२२ (औषधानं मरणारा, तपासणीसाठी ठरलेला ई. कोलाय) लावा, त्यावर वाढ दिसली तर तुमचं औषध मेलेलं आहे, सगळ्या प्लेटी पुन्हा.

काम झालं की प्लेटी १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करूनच टाका. बेसिनमध्ये खरवडून धुतल्या तर मोजून आणलेलं सगळं, वर लॅबमध्ये वाढवून, परत त्याच नाल्यात.