कातीव लाकडी भांडी : आकार आणि रंग बिघडवणाऱ्या या चुका टाळा

"चांगलं झालंय की रे, पण डोळ्याला बरं वाटंना."

माझी पहिली फुलदाणी हातात घेऊन शेजारच्या काकू हे बोलल्या. फणसाचं लाकूड होतं, तासणी गुळगुळीत, पॉलिश चकचकीत, कुठं तडा नाही. तरी काकूंचं म्हणणं खरं होतं. लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातणाऱ्या जवळपास प्रत्येकाला असं वाक्य कधी तरी ऐकावं लागतं. खटकतंय एवढंच बघणाऱ्याला कळतं. कुठं खटकतंय ते कातणाऱ्यानं शोधायचं.

बेळगावात लेथ म्हटलं की लोकांना लोखंडच आठवतं, उद्यमबागेची औद्योगिक वसाहत आठवते. पण तिथल्या फाउंड्र्यांना, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांना, ओतकामासाठी लाकडी पॅटर्न (नमुने) लागतात आणि मी लाकूड कातायला शिकलो ते अशाच पॅटर्नच्या कामावर. तिथं ड्रॉइंग असतं, कॅलिपर असतो, धातू थंड होताना आकसतो म्हणून माप थोडं वाढवून धरायचं असतं. माप जुळलं की काम संपलं. शोभेच्या भांड्याचं ड्रॉइंग कुणी देत नाही. त्यामुळं सुरुवातीला माझी मापं बरोबर यायची आणि भांडी चुकायची. आणखी एक गोष्ट तर फारच उशिरा लक्षात आली: रंगाचा पट्टा कुठं बसतो यावर भांडं उंच दिसणार की बुटकं, हे ठरतं. म्हणजे रंगही आकारासारखाच मोजून घ्यायला हवा.

निम्म्यावर आलेलं पोट

काकूंना खटकलेली फुलदाणी सहा इंच उंच आणि सहा इंच रुंद होती, आणि पोटाचा सर्वांत रुंद भाग बरोबर तीन इंचांवर. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा सारखाच. अशा भांड्यावर नजर कुठं थांबावी हेच ठरत नाही. ते उंच वाटत नाही, बसकंही वाटत नाही, नुसता गोळा वाटतो.

घरातला तांब्या समोर ठेवून बघा. गळा आणि काठ वरची बरीच उंची घेतात, म्हणून पोट खालच्या भागात येतं. त्या तांब्याला कुणी प्रमाण शिकवलेलं नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या हातांनी ते ठरवलेलं आहे. आपल्या फुलदाणीतही रुंद भाग उंचीच्या एक तृतीयांशावर किंवा दोन तृतीयांशांवर न्या. सहा इंच उंचीत तो खालून दोन इंचांवर आला तर भांडं शांत बसल्यासारखं दिसतं, चार इंचांवर आला तर छाती काढून उभं राहिल्यासारखं. उंची आणि रुंदीसाठी पाचाला आठ हे प्रमाण मी धरतो. रुंदी पाच इंच असेल तर उंची आठ, किंवा उलट. सुवर्ण गुणोत्तर म्हणतात ते १.६१८, त्याच्या हे अगदी जवळ येतं. त्यात जादू काही नाही. तिथून सुरुवात केली की कमी चुकतं, एवढंच. पुढं डोळा सांगेल तसं एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इकडं-तिकडं करावं.

बूड चक ठरवतो

वाडगा कातताना ही चूक सर्रास दिसते. चक म्हणजे लेथवर लाकूड पकडणारा भाग. त्याचा जबडा अमुक मापाचा, म्हणून बूड तेवढं. वर भीती असते की भांडं कलंडेल. मग नऊ इंची वाडग्याला पाच इंची बूड राहतं आणि सगळं काम कुंडीसारखं दिसतं.

काठाच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश बूड पुरतं. नऊ इंचांच्या वाडग्याला तीन इंच. बाहेरचा बाक टेबलापाशी एकदम तुटता कामा नये. टेबल आडवं आलं नसतं तर तो खाली जाऊन मिटला असता, असं वाटलं पाहिजे. भांडं झाल्यावर जाड बूड लक्षात आलं तरी उपाय आहे. भंगार लाकडाच्या चकतीवर भांडं उलटं, घट्ट बसवा, टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या टेकूचा) हलका आधार द्या आणि बूड बारीक करा. बुडाच्या कडेला आतल्या बाजूनं दीड-दोन सूत तिरकं कापलं की खाली सावलीची रेघ पडते आणि भांडं टेबलावरून किंचित उचलल्यासारखं दिसतं. मात्र आतून किती खोल गेला आहात ते आधी मोजा. बूड बारीक करताना आरपार गेलेले वाडगे मी बघितले आहेत.

मोडलेला बाक

पोटाकडून गळ्याकडं जाताना मध्येच एक सपाट जागा राहते किंवा बारीक उंचवटा राहतो. पॉलिश पेपरनं तो जात नाही, उलट चमक आली की जास्त दिसतो. शोधायचा कसा? लेथ थांबवा, डोळे मिटा आणि बोटं वरून खाली फिरवा. डोळ्याला न दिसलेलं बोटाला सापडतं. मग मागं दिवा ठेवून भांड्याची नुसती काळी आकृती बघा. लाकडाची नक्षी नजर खेचून घेते, काळ्या आकृतीत ती लपते आणि बाक उघडा पडतो.

नवा बाक काढायचा असेल तर भिंतीत दोन खिळे मारून बारीक साखळी सैल लटकवा. साखळी आपोआप जी वक्ररेषा घेते ती वाडग्याला सुरेख शोभते. खिळ्यांमधलं अंतर कमी-जास्त केलं की उथळ किंवा खोल आकार मिळतो. कागदावर उतरवून घ्या, पुठ्ठा कापा, झाला साचा.

कमरेला पट्टा

रंगाच्या बाबतीत सगळ्यांत जास्त भांडी या चुकीनं बिघडतात. आकार छान जमलेला असतो आणि मग बरोबर मधोमध लाल लाखेचा (फिरत्या लाकडावर कांडी दाबून चढवतात तिचा) रुंद पट्टा चढतो. भांड्याचे दोन तुकडे होतात. वरच्या तुकड्याचं खालच्याशी काही नातं राहत नाही.

पट्टा असा ठेवा की भांड्याचे दोन असमान भाग पडतील, आणि तो आकार जिथं वळतो तिथं बसेल: खांदा जिथं गळ्याकडं वळतो तिथं, किंवा बुडाच्या लगेच वर. सरळ, रिकाम्या पोटावर उगाच काढलेला पट्टा उपरा वाटतो. दोन पट्टे हवेत तर एक रुंद, एक बारीक. सारख्या रुंदीचे तीन-चार पट्टे एकाखाली एक आले की भांडं बुटकं दिसायला लागतं. उंच दाखवायचं असेल तर आडव्या रेघा कमीच बऱ्या.

गडद आणि फिक्याचंही असंच आहे. गडद रंग वजनदार दिसतो आणि आकार लहान भासवतो. बूड गडद असेल तर भांडं जमिनीवर टेकून बसतं. काठावर गडद रेघ आली की तोंडाची गोलाई उठून दिसते. पण गळा आणि खांदा पूर्ण काळा करून खाली फिकं लाकूड सोडलं, तर डोकं जड होतं, आणि रुंद भाग मुळातच वर असेल तर ते आणखी जाचतं. झाकणाच्या डबीत तर झाकणाचा रंग फार जपून निवडावा. कुंकवाच्या करंड्याचं झाकण लहान असतं, तिथं गडद रंग शोभतो.

किती रंग? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरून आलेल्या माणसाचं कपाळ आठवा. भंडाऱ्याचा पिवळा सगळीकडं, कुंकवाचा लाल थोडासाच, आणि तरी नजर आधी लालावर जाते. तीन रंग सारख्या प्रमाणात घेतले की ते भांडत बसतात. गोकाकची रंगीत लाकडी फळं बघून काहीजण म्हणतात, तिथं तर सगळे रंग भडक, मग इथं का नको? तिथं रंग वस्तूचाच असतो. आंबा आंब्याचाच दिसायचा असतो. फुलदाणीला असा ठरलेला रंग नाही, तिचा आकारच तिची ओळख आहे.

आणि शिसवाला रंग लावू नका. ज्या लाकडाला स्वतःची नक्षी आहे, त्याला आकारही साधा द्या, गोला-गलत्यांची (कातलेल्या उंचवट्या-खोबणींची) गर्दी नको. रंगासाठी आंबा किंवा काळा कुडा घ्यावा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी याच काळ्या कुड्याची होतात, कारण लाकूड पांढुरकं आणि बारीक पोताचं आहे.

रंग डागाळला तर

वाडग्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू गडद आणि मधल्या दोन फिक्या दिसतात, तेव्हा दोष रंगाचा नसतो. त्या दोन ठिकाणी लाकडाचे आडवे कापलेले रेषे उघडे असतात आणि ते नळीसारखा रंग पितात. तिथं इतर ठिकाणांपेक्षा जास्त बारीक, ३२० नंबरचा पेपर मारा. ओल्या फडक्यानं एकदा पुसून उठलेले रेषे वाळल्यावर पुन्हा घासा. मग स्पिरिटमध्ये खूप पातळ केलेल्या लाखदाण्याचा (शेलॅकचा) एक हात द्या आणि रंग एकदम न लावता, पातळ करून दोन-तीनदा लावा. स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग जास्त झाला असेल तर स्पिरिटच्या फडक्यानं बराचसा उतरवता येतो. रंगानंतर आडवे ओरखडे दिसायला लागले तर रंगावर रंग चढवू नका. ते जाड पेपरचे राहिलेले ओरखडे असतात, मागं जाऊन घासावंच लागतं.

बाभूळ, खैर यांच्यासारख्या तुरट लाकडावर काळे ठिपके दिसले तर ओल्या लाकडाला लोखंड लागलेलं असतं. स्टील वूलचे कणसुद्धा पुरतात. ऑक्सॅलिक आम्लाच्या पाण्यानं ते जातात, पण ते विषारी आहे, हातमोजे घालूनच वापरा आणि नंतर लाकूड स्वच्छ पाण्यानं पुसा. हीच गोष्ट मुद्दाम करता येते: हिरड्याचं पाणी आधी, त्यावर गंजलेलं लोखंड व्हिनेगरमध्ये मुरवून केलेलं पाणी, आणि लाकूड रेषे न झाकता काळं होतं. बुडाला असा काळा मला फार आवडतो.

लाखेच्या दोन रंगांची कड पसरत असेल तर मध्ये पटाशीच्या टोकानं बारीक खाच घ्या. लाख पापुद्र्यासारखी सुटली तर समजा, लाकूड ओलंच राहिलेलं होतं. चमक येत नसेल तर केवड्याचं पान दाबून धरा, पण लेथ पुरेशा वेगात हवा, घर्षणाची ऊब मिळाल्याशिवाय लाख पसरत नाही.

आज जुळलेलं उद्या बिघडतं

ताजा फणस पिवळाधमक असतो, काही वर्षांत बेळगावी कुंद्याच्या मिठाईसारखा तपकिरी होतो. त्याच्याशेजारी तपकिरी पट्टा दिलात तर आजचा फरक उद्या दिसणारच नाही. हळदीनं रंगवलेलं लाकूड उन्हात फिकटतं. खिडकीत ठेवलेल्या माझ्या एका डबीची उन्हाकडची बाजू उडाली आणि मागची पिवळीच राहिली.

ओलाव्याचंही तसंच. कणकुंबी-जांबोटीच्या धो-धो पावसात कातलेली डबी उन्हाळ्यात कोरड्या अथणीला गेली की झाकण अडकतं. लाकूड खोडातल्या वर्तुळांच्या दिशेनं जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीच्या दिशेनं, म्हणून गोल तोंड लंबगोल होतं. आधी जाड कातून ठेवा, व्यासाचा दहावा हिस्सा जाडी. दहा इंचांच्या वाडग्याला एक इंच. आडव्या कापलेल्या रेष्यांवर मेण लावा, सावलीत ठेवा आणि आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तारखेसह बुडावर लिहा. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर घ्या.

काकूंची ती फुलदाणी मी नंतर दुरुस्त केली. पोटाला हात लावण्याएवढं लाकूड उरलं नव्हतं. म्हणून बूड दोन सूत बारीक केलं, आणि खालून दोन इंचांपर्यंतचा भाग हिरडा-लोखंडानं काळा केला, कडेला एक खाच घेऊन. रुंदी होती तेवढीच राहिली. पण नजर आता त्या काळ्या कडेवर थांबते आणि वरचं फिकं लाकूड चांगलं चार इंच उंच उभं दिसतं. काकूंच्या देव्हाऱ्याशेजारी ती अजून आहे.